पस्तीस तासांचे दहा आठवडे

दिवाळीची साफसफाई निघाली, की सुखवस्तू मराठी घरांत माळ्यावरून पितळी समया खाली येतात आणि टीव्हीखालच्या खणातून एक पातळ काळी पाटी बाहेर निघते. घरभर कौतुक होतं. "अगंबाई, हे आपलं वाचायचं यंत्र! चालतंय का बघ रे." केबल शोधली जाते, लावली जाते, पाटी ढिम्म. दोन मिनिटांत घरातला अभियंता निकाल देतो: "गेलं हे." दोन वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, ते दोन मिनिटांत पेटलं नाही म्हणून बाद!

ई-रीडर चार्ज होत नाही अशी तक्रार आली की पहिला प्रश्न केबलचा, दुसरा अॅडॉप्टरचा, तिसरा वॉरंटीचा. 'शेवटचं पान कधी उलटलंत?' हे मात्र कुणी विचारत नाही. विचारणाराही अडचणीत येईल आणि उत्तर देणाराही. खरं तर निदानाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. फोन रोज रात्री चार्जरला लावावाच लागतो, म्हणून तो जगतो. ई-रीडरला वीज कमी लागते, म्हणून तो विसरला जातो आणि विसरला जातो म्हणून मरतो. गुणच मुळावर येतो म्हणतात, तो असा.

वीज कमी का लागते, तेही पाहून घ्या. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या बारीक बारीक कुप्या असतात. त्यांत काळे-पांढरे कण, एकमेकांविरुद्ध विद्युतभाराचे. पान उलटताना ते वरखाली होतात, तेवढ्यापुरतीच वीज खर्च होते. पान एकदा उमटलं की ते टिकवायला काहीच लागत नाही. एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालेल्या मंडळींनी १९९७ मध्ये 'ई इंक' कंपनी काढली, २००४ मध्ये सोनीनं तिचा पडदा घेऊन जपानात 'लिब्रिए' आणला, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत आलेलं पहिलं किंडल साडेपाच तासांत संपलं. संपलं म्हणजे विकून संपलं. बॅटरी तेव्हा ठीक होती.

या हुशारीचा एक तोटा. बॅटरी पार मेली तरी पडद्यावरचं चित्र तसंच राहतं. कधी रिकाम्या बॅटरीचं, कधी झोपताना लावलेलं पेन्सिलींचं किंवा झाडाचं. मालक बटण दाबतो, चित्र हलत नाही. पुन्हा दाबतो, तरी हलत नाही. मग 'हँग झालंय' म्हणून घोषणा होते. अहो, हँग नाही, प्राणच गेलेत. चेहरा तेवढा प्रसन्न राहिलाय.

आता बॅटरीच्या आयुष्याविषयी. किंडल पेपरव्हाइटची २०२१ ची आवृत्ती आली तेव्हा 'एका चार्जमध्ये दहा आठवडे' असं सांगितलं होतं. पुढे बारीक अक्षरांत: रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद, दिव्याची पातळी १३. गुणाकार करा. ७० दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे ३५ तास. यात कुणी खोटं बोललेलं नाही. 'पस्तीस तास' म्हटलं असतं तर गिऱ्हाईक फिरकलं नसतं, एवढंच. मला मात्र त्या जाहिरातीत वेगळाच विनोद दिसतो. कंपनी ग्राहकाकडून रोज अर्धा तास वाचनाची अपेक्षा धरून बसली होती! इतका गाढ विश्वास आपल्यावर शाळेतल्या बाईंनीही कधी टाकला नव्हता.

वाचत नसलेल्या माणसाच्या यंत्राची बॅटरी तर उलट अमर असायला हवी. असते का? नाही. बटण टिचकीसरशी दाबलं की पडदा झोपतो, यंत्र बंद होत नाही. वायफाय चालू असलं तर ते अधूनमधून उठून काही आलंय का ते पाहतं. आणि आपण काय काय पाठवून ठेवलेलं असतं! डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर मिळू लागली, पण आपला वाचनप्रेमी पीडीएफच्या आडमार्गाला कधीच लागला होता. 'दुर्मीळ ग्रंथसंपदा, सर्वांनी लाभ घ्यावा' असा निरोप व्हॉट्सअॅपच्या गटात आला, की पुढच्या तासाभरात शेकडो फायली यंत्रात कोंबल्या जातात. त्यांतली एकही उघडली जात नाही. यंत्र मात्र प्रामाणिक. उद्या धनी एखादा शब्द शोधेल या आशेनं ते नव्या पुस्तकांची शब्दसूची करत बसतं. त्यात एखादी बिघडलेली फाइल मध्येच आडवी आली, की तिथेच डोकं आपटत राहतं, आणि दोन दिवसांत बॅटरी गारद. मालकानं न उघडलेली पुस्तकं प्राणपणानं चाळणारं त्या घरात एकच कुणीतरी असतं, आणि त्यालाच आपण 'बेकार निघालं' म्हणतो.

बरं, केबल लावल्यावर तरी ते पेटत का नाही? लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की साधारण ४.२ व्होल्टवर असते. तीनच्या आसपास उतरली की यंत्र आपणहून बंद पडतं. त्यानंतरही खणात पडल्या पडल्या थोडी थोडी गळती चालूच असते. इतक्या खाली गेलेल्या बॅटरीत एकदम पूर्ण प्रवाह सोडणं धोक्याचं, म्हणून चार्जिंगचं सर्किट सुरुवातीला नेहमीच्या साधारण एक दशांश प्रवाहच सोडतं. महिनाभराच्या उपाशी माणसाला कुणी पुरणपोळी वाढत नाही, आधी पेज पाजतात, तसंच हे. या पेजेच्या काळात पडद्यावर काही दिसत नाही, कधी कधी तो बारीक नारिंगी दिवाही लागत नाही. आणि नेमका याच वेळी घरातला अभियंता केबल उपटतो. दुसरी लावतो. ती उपटतो. मग अॅडॉप्टर बदलतो, मग सॉकेट, मग लॅपटॉप. प्रत्येक वेळी पेजेची वाटी तोंडाशी नेऊन परत काढून घ्यायची आणि वर म्हणायचं, "खातच नाही!"

उपाय रुक्ष आहे. चालणाऱ्या केबलनं भिंतीतल्या सॉकेटला लावायचं आणि काही तास त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही. त्यानंतरही पडदा हलला नाही, तर केबल तशीच ठेवून बटण दाबून धरायचं. किंडलचं ४० सेकंद. लाल सिग्नलला ४० सेकंद न थांबणाऱ्या शहरांकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे, मान्य. म्हणूनच बहुतेक जण बाराव्या सेकंदाला बोट काढतात आणि 'चाळीस सेकंद दाबलं हो' असं शपथेवर सांगतात.

केबलींचं पुराण आणखी वेगळं. प्रत्येक घरात केबलींचा एक खण असतो आणि त्यातली एकही टाकून द्यायची नसते, 'कधी लागेल सांगता येत नाही' म्हणून. तिथून निघते ती केबल दाढीच्या ट्रिमरची, नाहीतर मच्छर मारायच्या रॅकेटची. तिच्यातल्या तारा इतक्या बारीक, की पलीकडे पोचेपर्यंत विजेला धाप लागते. ई-रीडरच्या खोक्यात बहुधा केबल असते, अॅडॉप्टर नसतो. का, तर पर्यावरण. पर्यावरणाचा हा कळवळा किमतीत मात्र कुठे दिसत नाही.

युरोपीय महासंघानं २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरा यांच्याबरोबर ई-रीडरलाही टाइप-सी सक्तीचं केलं. आपल्या मानक ब्यूरोनंही २०२३ च्या सुरुवातीला टाइप-सीचं मानक जाहीर केलं. आता झगडा संपला म्हणून आपण निःश्वास टाकला, तर नवंच लफडं पुढे आलं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, की चार्जर आधी वीज सोडतच नाही. पलीकडे खरंच कुणी आहे का, हे तो यंत्रातल्या ५.१ किलोओहमच्या रोधकावरून ओळखतो. काही स्वस्त यंत्रांत काही पैशांचे हे रोधकच गाळलेले असतात. मग लॅपटॉपचा तो तालेवार ६५ वॉटचा चार्जर यंत्राला ओळख दाखवत नाही, आणि जुन्या फोनचा चपट्या तोंडाचा पिवळा पडलेला चार्जर मुकाट्यानं काम करतो. पॉवर बँकेचं तऱ्हेवाईकपण याच्या उलट. ई-रीडर वीज इतकी थोडी ओढतो, की काही पॉवर बँकांना वाटतं पलीकडे कुणी नाहीच. थोड्या वेळानं त्या स्वतःच बंद होतात. सकाळी बघावं तर पॉवर बँक भरलेली आणि यंत्र रिकामं.

जुन्या मायक्रो-यूएसबीच्या यंत्रांचं दुखणं सरळ आहे: तोंड सैल. ती पिन एकाच बाजूनं बसते, आणि आपण ती लोडशेडिंगच्या अंधारात दोन्ही बाजूंनी बसवून पाहिलेली असते. मग केबलखाली काड्यापेटी ठेवायची, यंत्र तिरपं करायचं, 'आता हलवू नका' असा घरभर हुकूम सोडायचा. तोंडात टॉर्च मारून पाहिलं तर आत दाबून बसलेला करड्या धाग्यांचा गोळा दिसतो. पिशवी, खिसा, गोधडी अशा सगळ्या ठिकाणांचा अर्क. यंत्र पूर्ण बंद करून लाकडी टूथपिकनं हलकेच काढला की कितीतरी 'मेलेली' यंत्रं उठून बसतात. सुई वापरू नका. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यानंतर त्याच जागी हिरवट थर दिसतो. तो मात्र टूथपिकनं जात नाही, त्याला दुकानच दाखवावं लागतं.

हवामानाचंही एक कलम आहे. लिथियमची बॅटरी साधारणपणे शून्य ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेलं यंत्र घरात आणून लगेच लावलं आणि त्यानं नकार दिला, तर ते बिघडलेलं नाही, शहाणं आहे. टोरांटोला जानेवारीत गाडीत विसरलेलं यंत्रही असंच अडून बसतं. दोन्हीकडे अर्धा-पाऊण तास घरात नुसतं पडू द्या.

टोरांटोवरून आठवलं. पुण्यातले निम्मे ई-रीडर पुण्यात विकत घेतलेलेच नसतात, ते परदेशातल्या मुलानं आणलेले असतात. (आकडा माझा नव्हे, कोथरूडचा.) "बाबा, आता पुस्तकं ठेवायला जागा लागणार नाही," असं म्हणून तो दोन आठवड्यांनी परत जातो. यंत्र त्याच्या खात्यावर, वॉरंटी तिकडची, आणि बाबा इकडे. पुढचा संवाद शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर घडतो.

"बाबा, बटण दाबून धरा. चाळीस सेकंद."

"धरलंय."

"कुठलं धरलंय? दाखवा."

"दाखवायला फोन फिरवला तर बटण सुटतं."

"बरं, मग आईला फोन धरायला सांगा."

"ती म्हणतेय, ते राहू दे, तू जेवलास का ते विचारा."

"आईला सांगा, जेवलो. सेकंद किती झाले?"

"मोजत होतो, तू मध्ये बोललास."

असे पंधरवडे जातात. शेवटी मुलगा म्हणतो, "जाऊ दे बाबा, येताना नवीन आणतो." बाबा आतून सुखावतात. ग्रंथालयाचं पुस्तक उशाशी उघडं पडलेलंच असतं. यंत्र न चालण्यात ज्यांचा काहीही तोटा नाही, अशांनाच ते भेट म्हणून मिळतं, हे या धंद्याचं खरं गुपित.

ज्यांना खरंच वाचायचंय, ते ग्राहकसेवेला फोन लावतात. तिथला आवाज मधाळ. "सर, आपली गैरसोय मी समजू शकते. आपण डिव्हाइस चार्ज करून पाहिलंत का?" तेच तर होत नाही, बाई! "ओके सर. सेटिंगमध्ये जाऊन सिरियल नंबर वाचून दाखवाल का?" पेटतच नसलेल्या यंत्राच्या सेटिंगमध्ये जायचं कसं, हे त्या संहितेत लिहिलेलं नसतं. वॉरंटी संपली असली तर संहितेचं शेवटचं पान उघडतं: दुरुस्ती होत नाही, पण नवीन घेणार असाल तर खास आपल्यासाठी सवलत आहे. यंत्र गेल्याचं दुःख सांगायला फोन करावा आणि सांत्वनाला कूपन यावं! मी हे एकाच कंपनीविषयी म्हणत नाही. संहिता लिहिणारा बहुधा सगळीकडे एकच असावा.

मग उरतो कोपऱ्यावरचा दुकानदार. पुण्यात अप्पा बळवंत चौक ते तपकीर गल्ली हे अंतर चालत काही मिनिटांचं. एकीकडे पुस्तकं, दुसरीकडे वायरी, सर्किटं आणि बॅटऱ्या. ई-रीडर या दोहोंच्या बरोबर मध्ये पडतो आणि दोन्हीकडे पोरका ठरतो. पुस्तकवाला हात लावत नाही, आणि मोबाइल रिपेअरिंगवाला उलटसुलट करून म्हणतो, "साहेब, हा कुठला मॉडेल? याची बॅटरी येत नाही." पण चार्जिंग पिन गेली असेल तर हाच माणूस तुमचा तारणहार. भिंगाखाली जुनी पिन उपटून नवी डाग देऊन बसवणं हे त्याचं रोजचं काम, आणि तो त्याचे काही शेच रुपये घेतो. कंपनी ज्याला 'दुरुस्ती होत नाही' म्हणते, ते तो चहा निवायच्या आत करून देतो. फक्त उघडताना पडदा जपायला सांगा. आत काच असते आणि ती गेली की सगळंच गेलं.

बॅटरी बदलणं अवघड, कारण ती अनेक यंत्रांत आत चिकटवलेली असते. या गोंदामागे तांत्रिक कारणं पुष्कळ सांगतात: जाडी, वजन, पाण्यापासून बचाव. असतीलही. पण ई-रीडर बनवणाऱ्या कोबो कंपनीनं एप्रिल २०२४ मध्ये नवी यंत्रं आणली, तीही पाण्याला दाद न देणारी, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी आयफिक्सिट या संस्थेशी हातमिळवणी केल्याचं जाहीर केलं. म्हणजे मनात असलं की गोंदही सैल होतो. युरोपात तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या यंत्रांची बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे, असा कायदा आहे. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल निघालं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, मोटारी असे चार वर्ग त्यात आहेत. पोर्टल आणि कायदा यांत फरक इतकाच, की पोर्टल कंपनीनं नुसतं पाहिलं तरी चालतं.

तेव्हा वाचकहो, खणातलं यंत्र आजच काढा. आधी पाठ तपासा. फुगली असेल किंवा पडदा उचलला गेला असेल, तर चार्जरजवळ नेऊ नका, दाबू-टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. पाठ सपाट असेल तर सकाळी लावा आणि घरात असतानाच लावा. संध्याकाळपर्यंत हात लावू नका. पेटलं तर वायफाय बंद करा, न वाचलेल्या पीडीएफ पुसा, आणि एक पुस्तक, एकच, वाचायला घ्या. पुन्हा खणातच ठेवायचं असेल तर बॅटरी निम्मी भरून, यंत्र पूर्ण बंद करून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी आठवण ठेवून चार्ज करा. एवढंही जमणार नसेल, तर इमारतीतली जी मुलगी जिन्यात बसून वाचते तिला ते देऊन टाका. देण्याआधी तेवढं आपलं खातं त्यातून काढा, नाहीतर ती वाचेल आणि बिल तुम्हाला येईल.